गच्चीवरील आकाश आणि रानांतील आकाश

पुणें शहराला ताऱ्यांचा नाद जुनाच आहे. १८८८ सालीं येथील सायन्स कॉलेजांत महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. प्रो. कावसजी नायगांववाला तिचे चालक होते आणि तेथील २० इंची दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. १९१२ सालीं ती वेधशाळा बंद झाली व दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुढें १९४४ सालीं हौशी मंडळींनीं ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापिली. २००६ सालीं आयुका या संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण सुरू झाली, ती मात्र सुमारें ८० किलोमीटर दूर, गिरवलीच्या डोंगरावर. शहरांतील दिव्यांनीं मंद तारे केव्हांच गिळून टाकले आहेत.

तरीही अनेक घरांतील मुलें लहान दुर्बिणीला कॅमेरा जोडून गच्चीवर रात्री जागवितात. वर्षांतून एखाददुसऱ्या अमावास्येस तीं गांवाबाहेरील काळोखांतही जातात. मग प्रश्न निघतो कीं, गच्चीवरील दहा रात्रींचीं छायाचित्रें रानांतील एका रात्रीच्या छायाचित्रांत मिळवावीं, कीं गच्चीवरचा खटाटोप व्यर्थच समजावा? वडील माणसांना प्रवासाचा खर्च व जागरण दिसतें. मुलांना देवयानी दीर्घिका दिसते.

शहराचा उजेड प्रत्येक छायाचित्रावर पांढुरक्या थरासारखा पसरतो. तो थर संगणकानें वजा करितां येतो. परंतु प्रकाश हा कणाकणांनीं येतो. एकसारख्या पावसांत दोन सारखीं भांडीं शेजारीं ठेविलीं, तरी दोहोंत थेंब नेमके सारखे पडत नाहींत. तसाच हा चढउतार असतो. थर वजा झाला तरी चढउतार मागें राहतो, आणि अंधुक दीर्घिका त्यांतच बुडते.

समजा, शहराचें आकाश रानांतल्याहून १६ पट उजळ आहे. एकेक तासाचीं दोन्हीं छायाचित्रें घेऊन त्यांची सरळ सरासरी काढिली, तर तो चढउतार केवळ रानांतल्या चित्राच्या दुपटीहून अधिक होतो! म्हणजे मिसळल्यानें लाभ न होतां हानीच झाली. परंतु शहरांतील तासास रानांतील तासाच्या एक षोडशांश वजन देऊन तीं मिळविलीं, तर हानि टळते व थोडा लाभही होतो. या हिशेबानें गच्चीवरील ८ तास रानांतील अर्ध्या तासाच्या तोलाचे ठरतात. एकत्र कुटुंबांत सर्वांची मिळकत एका पेटींत पडते, पण रुपया व आणा एकाच मोलाचे मोजीत नाहींत. तसेंच हें आहे. मात्र मिळवण्यापूर्वीं प्रत्येक रात्रीच्या चित्रांवरील उजेडाचा थर वेगळा काढावा आणि ताऱ्यांची तेजस्विता एका मापावर आणावी. दुर्बीण व कॅमेरा एकच असल्यास काम सोपें होतें.

दुसरी युक्ति याहून मोलाची आहे. मृगांतील तेजोमेघाचा तांबूस प्रकाश बराचसा हायड्रोजन वायूचा, ६५६ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा असतो. तेवढ्याच लहरी जाऊं देणारी अरुंद गाळणी कॅमेऱ्यापुढें बसविली, तर शहराचा बहुतेक उजेड बाहेरच राहतो. असे तेजोमेघ गच्चीवरूनही टिपतां येतात. देवयानी दीर्घिका ही असंख्य ताऱ्यांची. तिचा प्रकाश सर्व रंगांचा. तिच्यापुढें ही गाळणी लंगडी पडते. यास्तव काळोखाची रात्र दीर्घिकांकरितां राखावी, आणि गच्चीवरील रात्री तेजोमेघांना द्याव्या.

महाराष्ट्रांत काळोख अजून शिल्लक आहे. २०२४ सालीं पेंच व्याघ्रप्रकल्पास भारतांतील पहिलें काळोख्या आकाशाचें उद्यान म्हणून मान्यता मिळाली. आपल्या हातींही कांहीं आहे: अंगणांतील व जिन्यावरील दिव्यास वरून झांकण बसविलें, तर उजेड पायांपाशीं पडतो, आकाशांत जात नाहीं, आणि शेजारच्या गच्चीवरील मुलाचाही मार्ग मोकळा होतो.

वडील मंडळींना आमची एवढीच विनंती कीं, पावसाळा सरल्यावर एका अमावास्येस मुलांबरोबर कोणीतरी मोठ्यांनीं गांवाबाहेर जावें. त्या एका रात्रीचें मोल गच्चीवरच्या अनेक रात्रींहून अधिक आहे, हें गणितच सांगतें. आणि आकाशगंगा डोक्यावर पसरलेली पाहिली, म्हणजे तें गणितावांचूनही पटेल.