एकाच भांड्यातील पास्ता आणि विरुद्धाहाराचा निर्णय

गेल्या पावसाळ्यात विचर्चिकेने त्रस्त असलेली एक तरुण रुग्णा चिकित्सालयात आली. आहाराची पृच्छा करता समजले की, मैत्रिणींसह सदनिकेत राहू लागल्यापासून आठवड्यातून तीन रात्री क्रीम घातलेला चिकन पास्ता होतो. एकच भांडे, अर्ध्या तासाचे काम. प्रस्तुत लेखकाने तत्क्षणी ‘विरुद्धाहार, सर्वथा वर्ज्य’ असा निर्णय दिला. तिने शांतपणे विचारले, ‘‘मग बटर चिकन चालते का?’’ त्याच महिन्यात एका परिषदेच्या भोजनात आम्ही वैद्यांनी तो पदार्थ आवडीने खाल्ला होता! पुढील भेटीत ती आहाराविषयी अवाक्षरही बोलली नाही. रुग्णाने आहार लपविणे हे चिकित्सेचे अपयशच होय.

म्हणून प्रथम तो पदार्थ स्वतः करून पाहिला. चौघांसाठी अर्धा किलो चिकनचे तुकडे लोण्यात परतावयाचे, लसूण घालावयाचा, मग २५० ग्रॅम कोरडा पास्ता व सुमारे पाऊण लिटर चिकनचे पाणी त्याच भांड्यात घालून शिजवावयाचे. शेवटी २०० मिलिलिटर क्रीम व किसलेले चीज. २५ टक्के स्निग्धांशाच्या क्रीममधून प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे १२ ग्रॅम स्नेह येतो; लोणी व चीज यांचा स्नेह वेगळाच.

आता शास्त्र पाहू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २६ व्या अध्यायात ग्राम्य, आनूप व औदक मांस दुधासह सेवन करू नये असे सांगितले आहे. मत्स्य व दूध यांचा निषेध तर सकारण आहे. त्यात वीर्यविरोध व अभिष्यंदित्व ही कारणे येतात. कोंबडी मात्र विष्किर वर्गातील. पाळीव कोंबडीस ‘ग्राम्य’ मानावे काय, हा अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे. तथापि चरकांनी कोंबडीचे मांस स्निग्ध व उष्ण म्हटले आहे, सुश्रुतांनी पाळीव कोंबडी रानकोंबडीहून गुरू मानली आहे आणि संतानिकाही गुरूच. त्यामुळे संयोग निर्दोष ठरत नाही. त्यात टोमॅटो वा लिंबू पडले तर अम्ल व दूध हा स्पष्टोक्त विरोधही येतो. हाच न्याय बटर चिकनला लागू आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

परंतु त्याच अध्यायात सात्म्य, अल्प मात्रा, दीप्ताग्नी, तारुण्य, स्निग्धता, व्यायाम व बल यांमुळे विरुद्ध अन्नही निष्प्रभ होते असे म्हटले आहे. आखाड्यात घाम गाळणारा तरुण महिन्यातून एकदा हा पदार्थ खातो आणि त्वग्विकाराची मंदाग्नी रुग्णा पावसाळ्यात आठवड्यातून तीनदा रात्री उशिरा खाते. या दोघांना एकच उत्तर देणारा वैद्य शास्त्राचे अर्धेच वचन वाचतो.

करून पाहण्याचा खरा लाभ पुढे आहे. या पदार्थाचा दाटपणा केवळ क्रीमचा नसतो. पास्ता त्याच पाण्यात शिजत असल्याने त्यातील पिष्ट त्या पाण्यात उतरते व रस आपोआप घट्ट होतो. क्रीम, चीज व लोणी वगळून थोडे तूप, लसूण, आले आणि ताजी मिरपूड घातली असता मांसरसात शिजलेला मऊ, लुसलुशीत पदार्थ तयार होतो. तोही गुरूच, म्हणून मात्रा कमी व वेळ सायंकाळची असावी. रुग्णेस ही कृती लिहून दिली. औषधे चालू असल्याने उपशयाचे श्रेय एकट्या आहारबदलास देता येणार नाही. परंतु ती पुन्हा खरे सांगू लागली, हे निश्चित.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. ‘क्रीमचे जेवण झाले, पाचक चूर्ण द्या’ असे म्हणणारा ग्राहक नित्य येत असेल, तर चूर्ण देण्यापूर्वी किती वेळा व केव्हा खातो, एवढे विचारावे आणि त्यास वैद्याकडे पाठवावे. चूर्ण हे विरुद्धाहाराचे अनुज्ञापत्र नव्हे.

विरुद्धाहाराचे १८ प्रकार आपण परीक्षेसाठी मुखोद्गत केले. आता ते रुग्णाच्या ताटाशी, अग्नीशी व ऋतूशी ताडून पाहणे आवश्यक आहे. केवळ परकीय पदार्थास दोष देऊन स्वतःच्या पंगतीकडे डोळेझाक केली, तर नवी पिढी आपले ऐकणार नाही. आणि त्यात तिचा दोष नसेल.