लोजी गांद्रुंग: वाडा कुणाचा?

आज थोडे जावा बेटावर जाऊ. सुराकार्ता, म्हणजे लोकांच्या तोंडचे सोलो, या शहरात ‘लोजी गांद्रुंग’ नावाचा एक जुना वाडा आहे. डच वखारीला किंवा गोऱ्यांच्या मोठ्या घराला जावानी माणूस ‘लोजी’ म्हणे. ‘गांद्रुंग’ म्हणजे प्रेमात वेडे झालेला. इथे रात्र रात्र नाचगाणी चालत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात.

वाडा बांधला योहानेस डेझेंट्ये (१७९७–१८३९) या मळेवाल्याने. त्याने दरबारी घराण्यातली जावानी मुलगी केली आणि राहणीही सरदारी थाटाची ठेवली. त्यामुळे ‘दोन संस्कृतींचा संगम’ म्हणून या वाड्याचे कौतुक होते. मला ते अर्धेच पटते.

संगम झाला तो वरच्या मजल्यावर. खाली काय होते? सरदारांना राजाकडून गावे मिळत. ती गावे ते गोऱ्यांना खंडाने देत, आणि जमिनीबरोबर गावकऱ्यांची वेठही जाई. मेरबाबू डोंगराच्या उतारावर आंपेलला डेझेंट्येची कॉफी पिकली ती या वेठीवर. १८२३ मध्ये डच सरकारने असे खंड रद्द केले, पण भरपाईचा बोजा सरदारांवरच टाकला. दुखावलेले सरदार १८२५ मध्ये दिपोनगोरोच्या बंडाला मिळाले, त्यामागे हेही एक कारण होते. पाच वर्षांच्या त्या युद्धात सुमारे दोन लाख जावानी माणसे गेली. खंडपद्धत मात्र युद्ध चालू असतानाच परत आली!

मग असला वाडा पाडून टाकावा का? मुळीच नाही. स्वातंत्र्ययुद्धात गातोत सुब्रोतो या सेनानीने इथूनच काम पाहिले. (नाव ओळखीचे वाटले ना? आपला घटोत्कच आणि सुव्रत!) आज त्यांचा पुतळा अंगणात आहे आणि वाडा महापौरांचे अधिकृत निवासस्थान आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जोको विडोडो २००५ ते २०१२ या काळात इथले महापौर होते. ज्या घरात लोकांनी निवडलेला माणूस राहतो, ते घर लोकांनी जिंकून घेतलेले आहे. ते का पाडायचे?

माझे म्हणणे एवढेच, की गोष्ट सांगताना ती पायापासून सांगावी. नुसती नाचगाणी सांगितली तर मुलांना वाटेल की वैभव आभाळातून पडते. इतिहास शिकवताना मालकाचे नाव लगेच सापडते, वेठबिगाऱ्याचे सापडत नाही. नाव नसेल तर निदान गावाचे नाव घ्यावे. लोजी गांद्रुंग म्हणताना त्याच्या जोडीने आंपेल म्हणावे.

असो. तुम्हाला काय वाटते ते जरूर कळवा.