जंतनाशक म्हणजे लस नव्हे

पशुआरोग्य शिबिर आटोपले की अहवालात एक आकडा हमखास झळकतो: किती जनावरांना जंतनाशक पाजले, किती गोठ्यांत गोचीडनाशक फवारले. त्या औषधाने किती जंत मेले, हा आकडा मात्र क्वचितच सापडतो. औषध वाटले म्हणजे रोग हटला, या समजुतीवर देशातील परोपजीवी-नियंत्रणाचा डोलारा उभा आहे. ही समजूत नुसती भाबडी नाही, ती घातक आहे.

तिचे मूळ लसीकरणाच्या हिशेबात आहे. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ-खुरकताची लस जितक्या अधिक जनावरांना मिळेल तितके उत्तम, कारण लसीने कळपाचे संरक्षण वाढते. जंतनाशकाचे गणित नेमके उलटे आहे. संपूर्ण कळपाला एकाच दिवशी एकच औषध पाजले की औषधाला बळी पडणारे जंत मरतात आणि त्याला दाद न देणारे मूठभर जगतात. पुढची पिढी त्या मूठभरांचीच असते. काही जनावरे औषधाविना ठेवली, तर त्यांच्या पोटातील साधे जंत या चिवट जंतांत मिसळत राहतात आणि औषधाची धार टिकते. म्हणजे लसीकरणात जे शंभर टक्क्यांचे यश, तेच इथे अपयशाचे बीज ठरते.

मेंढ्यांच्या जठरातील ‘हिमाँकस काँटॉर्टस’ हा रक्तपिपासू जंत पाहावा. त्याची एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. पावसाळ्याच्या उबदार ओलाव्यात त्यांतून निघालेल्या अळ्या गवतावर चढतात आणि चरणाऱ्या मेंढीच्या पोटात जातात. मग डोळ्यांच्या पापण्या पांढऱ्या पडतात, जबड्याखाली पाणी उतरते, कोकरे पटापट मरतात. या जंताविरुद्ध १९६१ साली थायाबेंडाझोल आले आणि काही वर्षांतच त्याला न जुमानणारे जंत दिसू लागले. भारतात मेंढ्यांतील असा प्रतिरोध १९७०च्या दशकातच नोंदला गेला. ज्या आयव्हरमेक्टिनच्या मूळ शोधाला २०१५ चे नोबेल मिळाले, त्यालाही जंतांनी जगभर हुलकावणी दिली आहे. मेंढ्यांसाठीच्या जंतनाशकांचे मुख्य गट हाताच्या बोटांवर मोजता येतात, आणि नवा गट येण्यास दशके लागतात.

गोचिडांची कथा वेगळी नाही. डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिन यांना दाद न देणाऱ्या गोचिडांच्या नोंदी देशाच्या अनेक राज्यांतून झाल्या आहेत. औषध लागू पडेना की पशुपालक मात्रा वाढवतो, फवारणी वारंवार करतो आणि चिवट गोचिडांची निवड आणखी वेगाने करतो. शिवाय जनावराच्या अंगावर दिसते ती गोचिडांची केवळ एक तुकडी. अंडी आणि अळ्या गोठ्याच्या भेगांत व चराऊ रानात दडलेल्या असतात. भिंती न लिंपता फक्त गाय भिजवणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून फरशी पुसत बसणे होय. याची किंमत थायलेरियासारख्या रोगांच्या रूपाने मोजावी लागते, आणि संकरित गाई त्याला सर्वांत आधी बळी पडतात.

दुष्परिणाम गोठ्याबाहेरही जातात. आयव्हरमेक्टिनचा बराचसा अंश शेणावाटे बाहेर पडतो आणि शेण मातीत मिसळणाऱ्या भुंग्यांच्या अळ्यांना मारक ठरतो. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडांचा जवळजवळ निर्वंश केला आणि २००६ साली त्यावर बंदी घालावी लागली. गुरांचे औषध गुरांपुरते राहत नाही, हा धडा या देशाने फार महाग किमतीत घेतला आहे.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: गरीब मेंढपाळाने तपासणी कुठे करावी? मरणाऱ्या कळपापुढे सिद्धान्त काय कामाचा? आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्याचे उत्तर सरसकट औषध हे नव्हे. आजारी जनावराला औषध मिळालेच पाहिजे. प्रश्न धडधाकट जनावरांचा आहे. कळपातील बहुतांश जंत थोड्याच मेंढ्यांच्या पोटात असतात. त्या ओळखण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत पापणीच्या रंगाचा पाच पायऱ्यांचा तक्ता तयार झाला. तो केवळ रक्त पिणाऱ्या जंतांसाठी उपयोगी आहे. इतर कृमींसाठी लेंड्यांची तपासणी लागतेच. पण ती तरी कितीशी महाग? एक सूक्ष्मदर्शक, मिठाचे संपृक्त द्रावण आणि मोजणीची काचपट्टी एवढे साहित्य पुरते. औषधापूर्वी आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी अंडी मोजावीत; मेंढ्यांत ती पंचाण्णव टक्क्यांहून कमी घटली, तर प्रतिरोधाची शंका घ्यावी. राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने पावसाच्या मानाने औषधाची वेळ ठरवण्यावर आणि जंतांना तोंड देणाऱ्या मेंढ्यांच्या पैदाशीवर वर्षानुवर्षे काम केले आहे. ज्ञान देशात आहे. ते शिबिरापर्यंत पोहोचत नाही.

औषधप्रतिरोधाची राष्ट्रीय चर्चा प्रतिजैविकांपाशीच घुटमळते. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९ कोटी गाई-बैल आणि ७ कोटींहून अधिक मेंढ्या आहेत. त्यांच्या पोटातील जंत या चर्चेत सहसा येतच नाहीत. ते यावेत. वाटलेल्या मात्रांऐवजी घटलेली अंडी मोजली जावीत, वजन पाहून मात्रा ठरावी, प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लेंड्या-शेणाची तपासणी नित्याची व्हावी. ज्या दिवशी शेवटचे औषधही निकामी होईल, त्या दिवशी अहवालातील आकडे शाबूत असतील. कळप मात्र नसेल.