फुकट विजेचे मोल

परभणी जिल्ह्यातील चारठाणा येथील यादवकालीन बारव पाहणाऱ्यास एक गोष्ट सहज उमगते. पाणी खाली गेले, की उतरावयाच्या पायऱ्या वाढत. टंचाईची जाणीव प्रथम पायांना होई. आजच्या विंधनविहिरीस पायऱ्या नाहीत. तेथे ती जाणीव विजेचे बिलच करून देऊ शकले असते. आता तेही शून्यावर आले आहे.

राज्य शासनाने एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांकरिता साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत केली. सौर पंपासाठी सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा दहावा हिस्सा भरला, की पुढे इंधनाचा खर्च नाही. कोळसा वाचतो, रात्री-बेरात्री रानात जाणे टळते. या लाभांविषयी आमचा वाद नाही. परंतु वीज फुकट झाली म्हणून पाणी अमर्याद होत नाही. मराठवाड्याच्या काळ्या कातळाच्या भेगांत मावेल तेवढेच पाणी साठते. आज एकाने अधिक उपसले, तर उद्या त्याची किंमत शेजारी कर्ज काढून मोजतो. ज्याच्याजवळ पंपच नाही, त्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरी तर या सवलतीतील काहीच पडत नाही.

सवलत काढून घ्यावी, असे आम्ही म्हणत नाही. तिची दिशा बदलावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेत वीजवाहिनीला जोडलेल्या सौर पंपाची शिल्लक वीज विकण्याची सोय आहे. ती गावोगावी प्रत्यक्षात आणावी. न उपसलेल्या पाण्याचा पैसा हाती आला, तर पाणी जपणे हाच शहाणा व्यवहार ठरेल. बारवेची पायरी जे सांगे, ते आता शासनाच्या धोरणाने सांगितले पाहिजे.