पावतीपुस्तक आणि मतपेटी

१९९४ च्या उन्हाळ्यात माझी बदली बारामतीला झाली. शाखेत रुजू होऊन महिनाही उलटला नसेल, तोच एके दिवशी टपालात दोन पत्रे आली. दोन्हींच्या माथ्यावर एकाच कामगार संघटनेचे नाव, एकच नोंदणी क्रमांक. फरक होता तो खालच्या सह्यांत. एका पत्रात म्हटले होते, की सभेने नवा अध्यक्ष आणि नवा खजिनदार निवडला असून यापुढे त्यांच्याच सहीने पैसे द्यावेत. दुसऱ्यात म्हटले होते, की अशी सभा झालेलीच नाही. जुन्या सह्या चालू आहेत आणि भलत्याला पैसे दिल्यास बँक जबाबदार राहील. अशा वेळी काय करायचे, हे बँकेच्या नोकरीत पहिल्या वर्षीच अंगवळणी पडते. खाते गोठवायचे आणि दोघांनाही कळवायचे, की न्यायालयाचा हुकूम आणा. मी तेच केले.

खाते काही मोठे नव्हते. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या तीनेकशे कामगारांची दरमहाची वर्गणी आणि आजारपणासाठी बाजूला टाकलेला थोडा कल्याण निधी. पंधरा दिवसांनी पन्नाशीचा एक कामगार काउंटरवर आला. बायकोचे ऑपरेशन ठरले होते. निधीतून मदत मंजूर झाल्याचा ठराव हातात होता. पण चेकवरची सही होती एका गटाची. मी त्याला आत बसवून सगळे समजावले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सायेब, पैसं आमचं. मग सही कुणाची चालायची, हे आमालाच का इचारीत न्हाय कुणी?"

खाते मोकळे व्हायला अकरा महिने लागले. ऑपरेशन त्याआधीच झाले होते, व्याजाने काढलेल्या पैशांवर. त्याच्या प्रश्नाला मात्र मी तेव्हाही उत्तर देऊ शकलो नाही आणि पुढे नोकरीभर ज्या ज्या गावात कारखान्याचे गेट होते, तिथे तो प्रश्न माझ्याआधी जाऊन उभा असे.

एका कारखान्यात दोन संघटना असणे यात वावगे काही नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने मुळात सात माणसांना एकत्र येऊन संघटना नोंदवता येत असे. २००१ च्या दुरुस्तीने ही अट कडक केली. आता कारखान्यातले दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद लागतात. पण नोंदणी वेगळी आणि मान्यता वेगळी. नोंदणी म्हणजे जन्माचा दाखला. मान्यता म्हणजे मालकासमोर बसून सगळ्यांच्या वतीने करार करण्याचा हक्क. खरी झुंज असते ती या दुसऱ्या कागदासाठी.

हा कागद मिळतो कसा? महाराष्ट्राने त्यासाठी १९७१ साली स्वतंत्र कायदा केला; तो १९७५ च्या सप्टेंबरात अमलात आला. अर्जाच्या आधीचे सलग सहा महिने किमान तीस टक्के कामगार सभासद असतील, तर संघटनेने औद्योगिक न्यायालयाकडे अर्ज करावा. दुसरीला तिची जागा हवी असेल, तर पहिलीच्या मान्यतेला दोन वर्षे उलटलेली हवीत आणि आपल्याकडे जास्त सभासद आहेत हे दुसरीने दाखवून द्यावे. दाखवायचे ते पावत्यांनी. महिन्याला किमान पन्नास पैसे वर्गणी, तिची पावती, सभासदांची वही, तपासलेले हिशेब. अधिकारी ही कागदपत्रे चाळतात, हरकती येतात, तारखा पडतात. एकाच कामगाराच्या नावाच्या पावत्या दोन्ही पुस्तकांत निघतात, कारण गेटवर दोन्हीकडच्यांनी आग्रह केला आणि त्याने दोघांचेही मन राखले. मग तो कुणाचा, हे ठरवायला पुन्हा तारीख.

याच कायद्यात एक कलम असे आहे, की मान्यताप्राप्त संघटनेला संपाची नोटीस द्यायची असेल तर आधी सभासदांचे बहुमत घेतले पाहिजे. म्हणजे संप करायचा की नाही यावर कामगाराने मत द्यावे, पण तो कुणाच्या नेतृत्वाखाली करायचा यावर मत देण्याची सोय नाही. तिथे त्याच्या वतीने पावतीपुस्तक बोलते.

सूत गिरण्यांप्रमाणे साखर कारखान्यांनाही याहून जुना, १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू झाला. तिथे पंचवीस टक्के सभासद दाखवणारी संघटना 'प्रातिनिधिक' ठरते आणि मग उरलेल्या पंचाहत्तर टक्क्यांच्या वतीनेही तीच बोलते. या एका शब्दाची किंमत मुंबईने मोजली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. कायद्याने मात्र त्यांची प्रतिनिधी होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. वेतनवाढीइतकीच महत्त्वाची मागणी होती ती हा कायदा रद्द करण्याची. जो नेता कामगारांना हवा होता त्याच्याशी बोलायचे नाही आणि जिच्याशी बोलायचे तिच्यामागे कामगार नाहीत, असा तो पेच. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरून गेला आणि त्याबरोबर गिरणगावही. एक मतदान झाले असते तर गिरण्या वाचल्या असत्या, असे मी म्हणणार नाही. गिरणधंद्याची दुखणी आणखीही होती. पण कुणाशी बोलायचे, हा वाद एका आठवड्यात मिटला असता.

पुण्याने हेच १९८९ साली पाहिले. टेल्कोतल्या राजन नायर यांच्या संघटनेला बाजूला ठेवून व्यवस्थापनाने दुसऱ्या संघटनेशी करार केला आणि हजारो कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले. सप्टेंबरच्या अखेरीस पोलिसांनी ते मोडून काढले. करार चांगला होता की वाईट, यावर आजही वाद घालता येईल. तो ज्यांच्यासाठी होता त्यांना विचारून झाला नव्हता, एवढे खरे.

आता हे सारे बारामती-इंदापूरच्या पार्श्वभूमीवर ठेवून पाहा. पुढे माझी बदली इंदापूर तालुक्यात झाली, तेव्हा हा विरोधाभास मला रोज दिसू लागला. देशात मतदानाची इतकी सवय असलेला टापू दुसरा क्वचितच सापडेल. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे छत्रपती, इंदापूरचे कर्मयोगी, नीरा-भीमा; साखर कारखान्याची निवडणूक म्हणजे इथे विधानसभेहून मोठा सण. पॅनेल पडतात, चिन्हे वाटली जातात, उमेदवार वाडीवस्तीवर जाऊन सभासदाच्या ओट्यावर बसतात. २०१५ साली माळेगावात सभासदांनी अजित पवारांच्या पॅनेलला हरवून कारखाना तावरे गटाकडे दिला. २०२० साली तो पुन्हा पवारांकडे दिला. २०२५ च्या जूनमध्ये उपमुख्यमंत्री असलेले अजितदादा स्वतः उमेदवार म्हणून उभे राहिले. एवढ्या मोठ्या माणसाला कधी नाही म्हणायचे आणि कधी हो, हे उसाच्या सभासदाला ठरवता आले ते एकाच गोष्टीमुळे. मतपत्रिकेवर शिक्का मारताना त्याच्या मागे कुणी उभे नव्हते.

आणि त्याच कारखान्याच्या आत? इथल्या कित्येक घरांत थोरला भाऊ ऊस पिकवतो, म्हणून सभासद. धाकटा बॉयलरवर किंवा गव्हाणीवर काम करतो, म्हणून कामगार. थोरल्याला संचालक निवडायला गुप्त मत. धाकट्याला आपला पुढारी निवडायला पावतीपुस्तक, तेही चारचौघांत, गेटवर, मुकादमाच्या आणि टाइमकीपरच्या डोळ्यांदेखत. एकाच ताटात जेवणाऱ्या दोघांपैकी एकाला शहाणा आणि दुसऱ्याला अजाण ठरवण्याचा हा प्रकार आहे.

साखरेच्या पलीकडेही हेच. वालचंदनगरला शेठ वालचंद हिराचंदांनी माळरानावर उद्योगनगरी उभी केली तेव्हापासून इंदापूर तालुक्याला भोंग्याची ओळख आहे. भिगवणजवळ कागद होतो. बारामतीच्या वसाहतीत पियाजिओच्या तीनचाकी बनतात, भारत फोर्जचे पोलाद घडते, फेरेरोचे चॉकलेट तयार होते. मालक मुंबईचा असो वा इटलीचा, गेटवर दुसरा झेंडा लागला की व्यवस्थापनाला आपला झेंडा कोणता हे निवडण्याचा मोह होतो. सोयीच्या संघटनेची वर्गणी पगारातून कापून द्यायची, गैरसोयीच्या संघटनेच्या चार पोरांची बदली करायची. मग पावत्यांचा आकडा आपोआप हवा तसा येतो.

गुप्त मतदानाला आक्षेप नाहीत असे नाही. एक आक्षेप मला मोलाचा वाटतो. मत हा एका दिवसाचा उत्साह असतो. वर्गणी ही महिन्यामहिन्याची निष्ठा. जो दर महिन्याला खिशात हात घालतो तोच संघटना चालवतो. वादळासारखा येणारा पुढारी मते घेऊन जाईल आणि कार्यालयाचे भाडे थकेल. कामगार चळवळीतही यावर दोन तट होते. इंटकने सभासद मोजण्याची बाजू घेतली. डाव्या आणि समाजवादी संघटनांनी गुप्त मतदानाची. पण हा आक्षेप खरा मानला तरी त्यावर उपाय वर्गणीची अट कायम ठेवणे हा आहे. ज्यांची वही नीट आहे त्यांनाच निवडणुकीत उभे राहू द्या. निवड मात्र पेटीतून होऊ द्या. हे अशक्य नाही. अन्न महामंडळातल्या संघटनांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच गुप्त मतदानाची पद्धत आखून दिली होती.

निवडणुकीने फाटाफूट वाढेल, अशीही भीती घालतात. इथे माझ्या जुन्या धंद्याचा दाखला देतो. बँकांत संघटना थोड्या नाहीत. डाव्या आहेत, काँग्रेसच्या विचाराच्या आहेत, संघाच्या विचाराच्या आहेत. कारकुनांच्या वेगळ्या, अधिकाऱ्यांच्या वेगळ्या. आम्ही एकमेकांच्या सूचनाफलकांवर वर्षानुवर्षे तोंडसुख घेतले. तरी १९९७ पासून नऊ संघटनांनी एक मंच केला आणि वेतनकराराच्या टेबलावर त्या एकत्र बसतात. २०२४ च्या मार्चमधला बारावा करार असाच झाला. भांडण असणे हा दोष नाही. भांडण मोजायची रीत नसणे हा दोष आहे.

आज हे लिहिण्याला निमित्त आहे. संसदेने २०२० साली मंजूर केलेली औद्योगिक संबंध संहिता केंद्राने २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केली. एकाहून अधिक संघटना असतील तिथे हजेरीपटावरच्या एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकटी वाटाघाटी करील. तसे कुणाकडेच नसेल तर किमान वीस टक्के असलेल्या संघटनांची मिळून परिषद बसेल. चौकट बरी आहे. पण हे टक्के मोजायचे कसे, हे संहितेने नियमांवर सोडले आहे. सगळी मेख तिथे आहे. नियमात पुन्हा पावतीपुस्तकच शिरले तर १९९४ ची माझी दोन पत्रे नव्या तारखेने पुन्हा टपालात पडतील.

दुसरी मेख 'हजेरीपट' या शब्दात आहे. बारामतीच्या वसाहतीत सकाळच्या पाळीला उतरणाऱ्या बसगाड्या पाहा. एकाच यंत्रावर उभे राहणाऱ्या दोघांपैकी एक कारखान्याच्या हजेरीपटावर असतो, दुसरा ठेकेदाराच्या. दुसऱ्याला कोणतीच संघटना मोजत नाही, म्हणून कोणतीच त्याच्यासाठी भांडत नाही. कायम कामगारांच्या एक्कावन्न टक्क्यांसाठी दोन झेंडे एकमेकांशी झुंजत असताना गेटमधून आत जाणाऱ्यांत कायम कामगारच कमी कमी होत चालला आहे. ज्या संघटनेला हे आधी कळेल तिला पुढची वीस वर्षे मिळतील.

राज्य सरकारने आपल्या नियमांत सरळ लिहावे: वाद असेल तिथे कामगार विभागाच्या देखरेखीखाली, कामाच्या वेळात, कारखान्याच्या आवारात गुप्त मतदान होईल आणि निकाल त्याच दिवशी फलकावर लागेल. त्याला लागणारी यंत्रणा बारामती-इंदापूरला शिकवावी लागणार नाही. मतपेट्या तालुक्याला आहेत, मोजणारे शिक्षक आणि तलाठी आहेत, शाई आहे.

त्या दिवशी केबिनमधून उठताना त्या कामगाराने चेक घडी करून खिशात ठेवला होता, फाडला नव्हता. दोन्ही गटांपैकी कोण खरे, हे त्याला नक्की ठाऊक होते, असे त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटले. मीही त्याला विचारले नाही.