उतरायचं कुठून?

दिवाळी संपली, सेमिस्टरचे पेपर झाले की कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो : ‘थंडीत ट्रेक कुठे?’ मग रील्सचा पाऊस. पाच मिनिटांत पोल तयार. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, मोरोशीचा भैरवगड ही नावं झपाझप वर सरकतात आणि माहुली, नाणेघाट तळाला जाऊन बसतात. कारण काय, तर ‘ते सोप्पंय यार, तिथे फॅमिलीवाले जातात.’

मला हा पोलच उलटा वाटतो. शहापूर-मुरबाडकडचा एखादा डोंगर कुठल्या वाटेनं चढायचा हे ठरवताना पहिला प्रश्न ‘उतरायचं कुठून आणि किती वाजता’ हा हवा. तो पोलमध्ये कधीच नसतो.

थंडी म्हणजे सेफ सीझन, असं आपण गृहीत धरतो. पाऊस नाही, निसरडं नाही, हवा मस्त. पण हिवाळा आपल्याकडून एक गोष्ट काढून घेतो, ती म्हणजे उजेड. जूनच्या अखेरीस आपल्याकडे दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरच्या अखेरीस जेमतेम अकरा. सूर्य सातनंतर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. झाडीत तर त्याआधीच काळोख दाटतो. म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला जो ट्रेक ‘आरामात होऊन जातो’, त्याच्यासाठी डिसेंबरात दोन तास कमी असतात.

आता हे नळीच्या वाटेला लावून बघू. मुरबाड तालुक्यातल्या वाल्हिवरे-बेलपाड्याहून निघायचं आणि ओढ्याच्या पात्रातून, दगडधोंड्यांवरून, मध्ये कातळटप्पे चढत कोकणकड्यापाशी पोहोचायचं. वाट जबरदस्त आहे, वादच नाही. पण ग्रुपमध्ये चौदा जण असतील, त्यातले दहा पहिल्यांदाच कातळाला हात लावत असतील आणि एका टप्प्यावर दोराला धरून प्रत्येकाला दहा मिनिटं लागत असतील, तर तो एक टप्पाच दोन तास वीस मिनिटं खातो. टप्पे एकाहून जास्त आहेत. त्यात मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणला उतरून एसटी धरायची, पुढे जीप, म्हणजे पायथ्याला पोहोचेपर्यंतच नऊ वाजले. वर पोहोचेपर्यंत सूर्य कलायला लागतो आणि मग कुणीतरी विचारतं, ‘आता खाली कसं जायचं?’ अनेक जण साधले घाटानं बेलपाड्याला परततात, पण अनोळखी घाट मोबाइलच्या टॉर्चवर उतरणं हा काही प्लॅन नव्हे. वरचा मुक्काम आधीच ठरलेला असेल, सोबत पांघरूण, पाणी, खाणं असेल तर गोष्ट वेगळी. बहुतेकांचा मुक्काम ‘झाला’ असतो, ‘ठरलेला’ नसतो.

अशा वेळी धावपळ कुणाची होते? पायथ्याच्या पाड्यातल्या माणसांची. दिवसभर राबून आलेला माणूस रात्री बॅटरी घेऊन तुम्हाला शोधायला निघतो. रेस्क्यूचे स्वयंसेवक नोकऱ्या सांभाळून धावत येतात. ‘अॅडव्हेंचर’ या शब्दाच्या हिशेबात त्यांची रात्र आपण कधी धरतच नाही.

वाट निवडायची दुसरी किल्ली म्हणजे ऊन. हे कुठल्या रीलमध्ये सापडत नाही, पण नकाशा बघितला तर लगेच कळतं. सह्याद्रीची मुख्य भिंत मुरबाडच्या पूर्वेला उभी आहे. तिच्या कोकणाकडच्या उतारावर सकाळी उशिरापर्यंत सावली असते, दुपारनंतर मात्र पश्चिमेचं ऊन थेट अंगावर येतं. पहाटे कानटोपी घातलेला तोच मुलगा एक वाजता पाण्यासाठी कासावीस होतो, कारण इथला पारा डिसेंबरातही दुपारी तिशी ओलांडतो. पावसाळ्यात जागोजागी दिसलेले ओढे तोपर्यंत आटत आलेले असतात. म्हणून या बाजूची हिवाळ्यातली चांगली वाट म्हणजे जिची मुख्य चढाई अकराच्या आत आटपते ती. त्यासाठी पायथ्याच्या गावात आदल्या रात्री पोहोचावं लागलं तर पोहोचा.

तिसरं म्हणजे पायाखालची जमीन. वाळलेलं गवत आणि त्याखालचा सुटा मुरूम चढताना फारसा त्रास देत नाही, उतरताना मात्र पाय सरळ घसरतो. देहरीचा गोरखगड घ्या. कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या चढताना नजर समोरच्या दगडावर असते, मजा येते. उतरताना तीच पायरी आणि तिच्यापलीकडची दरी एकदम डोळ्यांसमोर येते. वर हसत गेलेली कितीतरी मंडळी तिथे बसून घेतात. गोरखगडाला जाऊ नका असं मी म्हणत नाही. ग्रुपमधला सगळ्यात घाबरट मेंबर तिथून कसा उतरेल, हे आधी बोलून घ्या एवढंच. नाहीतर पोलमध्ये आवाज असतो सगळ्यात फास्ट चालणाऱ्याचा, आणि त्याची किंमत मोजतो शेवटून दुसरा.

‘सोपी’ वाट म्हणून नाक मुरडण्याआधी नाणेघाटाकडे एकदा नीट बघाच. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून जुन्नरच्या बाजारपेठेकडे जाणाऱ्या मालासाठी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात हा घाट वाहता होता. वरच्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे, माथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. रूट सिलेक्शन म्हणतात ते हेच. ओझं लादलेली जनावरं आणि थकलेली माणसं ज्या घळीतून चढू-उतरू शकतील ती घळ त्या लोकांनी या अख्ख्या भिंतीतून शोधून काढली. आपण तिला ‘बिगिनर्स’ म्हणून निकालात काढतो! खोपिवलीहून वर जाणारा आहुपे घाटही गावकऱ्यांच्या पायांनी मळलेला. लोक ज्या वाटेनं डोक्यावर ओझं घेऊन जातात, त्या वाटेला उतार, वळण आणि थांबायची जागा याचं शहाणपण आपोआप आलेलं असतं.

‘मग कठीण कधी करायचं? म्हातारपणी?’ असं विचारणारे मित्र मलाही आहेत. करा ना. पण हिवाळा चार महिन्यांचा आहे, पहिल्याच रविवारी नळीत कशाला घुसायचं? आधी आसनगावला उतरून माहुली करा. शहाजीराजांनी 1636 मध्ये शेवटचा लढा दिला तो हा गड. तानसा अभयारण्यातला आहे, जंगल आहे, दम काढणारा चढ आहे, वर शिडी आहे. त्यात कोण किती पाण्यात आहे ते कळतं. मग सिद्धगड. 2 जानेवारी 1943 ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथे इंग्रजांच्या गोळीबारात हुतात्मा झाले, आणि दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे अभिवादनाला जातात. त्या गर्दीतून चाललात तर गडाचा वेगळाच अर्थ लागेल. असे दोन-तीन डोंगर एकत्र उतरलेला आठ जणांचा ग्रुप, सोबत दोर वापरता येणारं कुणीतरी आणि बेलपाड्यातला वाटाड्या, एवढं जमलं की नळीला बिनधास्त जा.

आणि हो, वाटाड्याशी पैशांवरून घासाघीस करू नका. दोन हजारांचे बूट घालून त्याच्या दोनशे रुपयांसाठी हुज्जत घालणारी मुलं बघितली की लाज वाटते. त्याला निघण्याआधीच विचारा, ‘दादा, किती वाजेपर्यंत वर नाही पोहोचलो तर परत फिरायचं?’ तो जी वेळ सांगेल ती ग्रुपवर टाका, पिन करा आणि मगच जेवणाच्या डब्यांचं ठरवा.