रक्ताचा अहवाल आणि पाळीची वही

माणसाचा घातक रसायनाशी किती संपर्क आला हे मोजायचे तर रसायन कोणते, ते किती तीव्र होते आणि माणूस त्यात किती वेळ होता, एवढे कळावे लागते. लढाईवरून परतलेल्या सैनिकाबाबत आणि रासायनिक कारखान्यातल्या कामगाराबाबत हा प्रश्न बहुधा वीस-तीस वर्षांनी, आजार उघड झाल्यावरच विचारला जातो. तोवर वायू उडून गेलेला असतो, सोबती पांगलेले असतात, प्लांटही बदललेला असतो. मग एक युक्तिवाद हमखास पुढे येतो : रक्तात काही सापडत नाही, म्हणजे संपर्क झालाच नाही. वरवर शास्त्रीय वाटणारा हा युक्तिवाद मुळातच लंगडा आहे.

तो किती लंगडा, हे व्हिएतनामच्या सैनिकांनी दाखवले. अमेरिकी सैन्याने 1962 ते 1971 या काळात तिथे एजंट ऑरेंजसारखी तणनाशके फवारली. त्यांत डायॉक्सिन या विषाची भेसळ होती. 1987 साली तिथे गेलेल्या 646 सैनिकांचे आणि न गेलेल्या 97 जणांचे रक्त तपासले, तर दोन्ही गटांत डायॉक्सिन सारखेच निघाले आणि संपर्काचा ठरलेला मोठा सरकारी अभ्यास गुंडाळला गेला. पण डायॉक्सिन शरीरात निम्मे व्हायला सात-आठ वर्षे लागतात. वीस वर्षांनी तपासल्यावर थोडाफार संपर्क सगळ्यांच्याच रक्तात असणाऱ्या पातळीत मिसळून जाणार, हे उघड आहे. फवारणीच्या विमानांवरच्या लोकांच्या रक्तात ते वाढलेले सापडलेच. म्हणजे तपासणीने मोठे मासे पकडले आणि बारीक सोडून दिले. पुढे संशोधक जीन स्टेलमन आणि सहकाऱ्यांनी फवारणीच्या उड्डाणांच्या नोंदी उकरल्या, तेव्हा आधीच्या हिशेबात न आलेली 70 लाख लिटरहून अधिक फवारणी उघडकीस आली. हे संशोधन 2003 साली प्रसिद्ध झाले. कुणाच्या अंगात किती गेले हे उड्डाणांच्या नोंदी सांगत नाहीत; पण कोणती तुकडी फवारलेल्या रानात होती, हे त्यांवरून कळते.

रायगड जिल्ह्यात रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत डायॉक्सिनइतकी सवडही मिळत नाही. बेंझीन, टोल्युइन यांसारख्या द्रावकांच्या खुणा लघवीतून एक-दोन दिवसांत निघून जातात. तारीख आधी ठरवून होणाऱ्या वार्षिक तपासणीत त्या सापडल्या नाहीत, यात नवल ते काय? त्यात रिअॅक्टरवरचे काम पाहावे. झाकण उघडून पिशव्या आत रिकाम्या करायला दहा मिनिटे लागतात, आणि धूळ-वाफ नाकातोंडात जाते ती त्याच दहा मिनिटांत. आठ तासांच्या सरासरीत ती दहा मिनिटे दिसेनाशी होतात. वसाहतीतल्या बॉयलरवरच्या माणसाचा आणि रिअॅक्टर भरणाऱ्या, म्हणजे चार्जिंगवरच्या, माणसाचा हजेरीपट मात्र सारखाच असतो : हजर. ठेकेदाराचा माणूस आज या प्लांटवर, उद्या त्या. त्याची तर वहीच ठेकेदाराबरोबर बदलते.

पेण तालुक्यात ‘कारखाना’ म्हटले की गणपतीचा कारखाना. पेण, हमरापूर, जोहे इथल्या शेडमध्ये मूर्ती घासताना प्लास्टरची धूळ उडते आणि कॉम्प्रेसरने रंग मारताना द्रावकाची वाफ दाटते. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर दिवसभर त्याच हवेत, मूर्तीच्या तोंडाशी तोंड नेऊन बसतो. रंगात शिसे असेल तर ते रक्तात सुमारे महिनाभरात निम्मे होते, हाडांत मात्र कित्येक वर्षे मुरते. हंगाम संपल्यावर रक्त तपासून ‘नॉर्मल’चा कागद हाती देणे म्हणजे पूर ओसरल्यावर नदीची खोली मोजणे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : कामगाराला किंवा सैनिकाला विचारावे, तर आठवण भरवशाची नसते. हे खरेच आहे. आखाती युद्धावरून परतलेल्या 59 अमेरिकी सैनिकांना तेच प्रश्न महिन्याने आणि पुन्हा दोन वर्षांनी विचारले, तेव्हा 88 टक्क्यांनी निदान एक उत्तर बदलले. पण यातून निघतो तो धडा लवकर विचारण्याचा आणि नेमके विचारण्याचा. 1989 साली तयार झालेल्या लढाई-संपर्काच्या सात प्रश्नांच्या मोजपट्टीत ‘त्रास झाला का’ असे कुणी विचारत नाही. गस्तीवर किती वेळा गेलात, वेढ्यात सापडलात का, तुकडीतले किती टक्के पडले, असे ती विचारते. धाटावच्या कामगारालाही ‘वास येतो का’ असे न विचारता ‘महिन्यात किती वेळा ड्रम हाताने उघडलात’ असे विचारता येते.

कामगारांच्या बाजूने बोलणारेही एक चूक करतात. वसाहतीजवळ राहिला तो बाधित, असे सरसकट धरले की खरा बाधित गर्दीत हरवतो. सैनिकांबाबतही असेच झाले. मार्च 1991 मध्ये इराकमधल्या खमिसिया इथे अमेरिकी सैन्याने शस्त्रसाठा उडवला. त्यात सरिन हा विषारी वायू होता. वाऱ्याच्या गणितावरून 1997 साली सुमारे 99 हजार सैनिक बाधित ठरले. 2000 साली गणित सुधारले, तेव्हा एकूण आकडा लाखाच्या वर गेला आणि यादीतली हजारो नावे बदलली. स्फोटाच्या वेळी हवेतले विष कुणी मोजलेच नव्हते, म्हणून नंतर नकाशावर रंग भरत बसावे लागले.

नोंद तिथल्या तिथे ठेवता येते, हे रायगडला नवे नाही. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत धारातीर्थी पडले. मशीनगनवर ते एकटे कसे चालून गेले, याचा तपशील व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात आहे. शौर्याची नोंद इतकी नेटकी ठेवता येते, तर धुराची आणि वाफेची का नाही?

कामाची नोंद, हवेचे नमुने, त्याच पाळीअखेरची लघवी-रक्त तपासणी आणि नेमके प्रश्न हे चारही एकत्र जुळवले तरच मोजमाप उभे राहते. आणि नोंदच नसेल, तर तिच्या अभावाचा भार कामगारावर टाकता येणार नाही. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सैनिकाबाबत हेच तत्त्व मानले : भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो निरोगी होता असे गृहीत धरायचे, आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करायचे ते मालकाने. कामगार नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्यातही ठरावीक धोकादायक कामांत सलग सहा महिने घालवलेल्याचा व्यवसायजन्य आजार कामामुळेच झाला असे धरले जात होते.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 साली कारखाने अधिनियमात घातलेल्या कलम 41-ग ने रसायनांशी संपर्क येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याची अद्ययावत नोंद ठेवणे मालकावर बंधनकारक केले आणि ती पाहण्याचा हक्क कामगाराला दिला. धाटावच्या कामगाराने ती वही आजच मागावी, आजारी पडल्यावर नव्हे. पेणच्या कारागिराला मागण्यासाठी वहीच नाही. ती आधी त्याच्या शेडमध्ये सुरू झाली पाहिजे.